अंदाज की भाकीत? पुढचं सांगणाऱ्या मराठी शब्दांचा आढावा

मराठीत पुढचं सांगायला शब्दांची वानवा नाही. अंदाज, भाकीत, भविष्य, भविष्यवाणी, अनुमान, पूर्वानुमान, होरा, आडाखा, ठोकताळा, अटकळ, कयास. शिवाय शकुन आणि कौल आहेतच. अडतं ते निवडीपाशी. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या फलकावर गेल्या पावसाळ्यात अशी नोटीस लागली होती: ‘उद्या अतिवृष्टीची भविष्यवाणी असल्याने तळघरातील वाहने वर आणावीत.’ अर्थ पोचतो, गाड्याही वर येतात. पण भविष्यवाणी झाली होती ती कंसाला, देवकीच्या आठव्या मुलाबद्दल. हवामान खात्याचा तक्ता बघून लिहिलेल्या चार ओळींना तो शब्द लावला की एक तर माणसं हसतात, नाहीतर घाबरतात.

हा आढावा अशांसाठी आहे ज्यांना यातला एक शब्द रोज उचलावा लागतो. सोसायटीचे सेक्रेटरी, स्थानिक बातमीदार, शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांचा इंग्रजी मजकूर मराठीत आणणारे माझ्यासारखे अनुवादक. प्रत्येक शब्दाला मी तीन गोष्टी विचारते. तू आलास कुठून, तुझ्यासोबत क्रियापद कोणतं चालतं, आणि सांगितलेलं घडलं नाही तर तुझं काय होतं? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा.

अंदाज आणि भाकीत

खरी लढत या दोघांत आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू.

अंदाज फारसीतून आला. मूळ क्रियापद ‘अंदाख्तन’, म्हणजे फेकणं, टाकणं. तीर सोडणारा तो तिरंदाज, तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज. ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर ऑफस्पिन टाकणारा पोरगा शब्दापुरता तोफखान्याचा वारसदार आहे. फलंदाज हा त्याच्या जोडीला मागाहून घडवलेला शब्द. फळी काही फेकायची नसते, पण जोडी जमली आणि टिकली. तर अंदाज म्हणजे नेम धरून टाकलेलं काहीतरी. नेम आहे, म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं नाही. आणि टाकलेलं आहे, म्हणजे लागेलच असंही नाही. दोन्ही गोष्टी शब्दातच आहेत.

गंमत अशी की इंग्रजी ‘फोरकास्ट’मधला ‘कास्ट’ही फेकण्याचाच. हा शब्द हवामानाला चिकटवला रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विनला घेऊन जगप्रदक्षिणा करणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचे हे कप्तान पुढे ब्रिटनच्या हवामान कार्यालयाचे प्रमुख झाले आणि १८६१ साली लंडनच्या वर्तमानपत्रात रोजचा हवामान अंदाज छापून येऊ लागला. लोक त्याला भविष्यकथन म्हणायला लागले तेव्हा फिट्झरॉयनी स्पष्ट लिहिलं की ही भाकितंही नव्हेत आणि देववाणी तर नव्हेच. शास्त्रीय गणितातून निघालेल्या मताला फोरकास्ट म्हणावं. म्हणजे आपण आज ज्या निवडीशी अडतो, तिथेच ते दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी अडले होते.

भाकीत या शब्दाचा पिंड वेगळा. भाक म्हणजे वचन, दिलेला शब्द. भाकणं म्हणजे बोलणं, उच्चारणं. करुणा भाकतो आपण, ते हेच. तेव्हा भाकीत म्हणजे बोलून ठेवलेलं. तिथे बोलणाऱ्याची पत गुंतलेली असते. याचा पुरावा बोलीतच आहे. अंदाज चुकला तर आपण म्हणतो ‘अंदाज चुकला’. भाकीत चुकलं तर म्हणतो ‘भाकीत खोटं ठरलं’. पहिल्यात चूक, दुसऱ्यात खोटेपणा. आणखी एक बघा: महापालिकेच्या अंदाजपत्रकात ‘सुधारित अंदाज’ असा रकाना असतो, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सुधारित भाकीत कुणी ऐकलंय?

म्हणून भाकीत हलका शब्द आहे किंवा अंधश्रद्धेचा आहे, असं मात्र समजू नये. एडमंड हॅलीने १७०५ साली लिहिलं की १६८२ मध्ये दिसलेला धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅली १७४२ मध्ये वारला. धूमकेतू १७५८ च्या नाताळात दिसला. हे भाकीतच, आणि अव्वल दर्जाचं: काय, केव्हा, हे आधी छापून ठेवलेलं आणि खोटं ठरायची पूर्ण जोखीम घेतलेलं. विज्ञानाच्या पुस्तकात ‘सिद्धांताने केलेलं भाकीत’ असं लिहिताना म्हणूनच हात आखडायचं कारण नाही. तिथे अंदाज लिहिला तर उलट सिद्धांताला सूट दिल्यासारखं होतं.

भूकंपाच्या बाबतीत हा फरक जिवावरचा होतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि तिच्यामागून आले फोनवरचे संदेश: आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार. तारीख, वेळ, ठिकाण, तीव्रता, सगळं असतं त्यात. म्हणजे घाट भाकिताचा. भूकंपशास्त्राला असं भाकीत आजवर करता आलेलं नाही. अमुक पट्ट्यात पुढच्या इतक्या वर्षांत इतक्या तीव्रतेच्या धक्क्याची शक्यता किती, एवढंच ते सांगतं. बातमीत ‘शास्त्रज्ञांनी भूकंपाचं भाकीत केलं’ असं आलं की ती बातमी दोनदा तपासावी. तिथे शब्द हवा ‘शक्यता’, फार तर ‘अंदाज’.

बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचं जे सांगितलं जातं, त्याला वर्तमानपत्रं भाकीत म्हणतात. तेही बरोबरच आहे. खरं किती निघतं हा प्रश्न निराळा, पण ते चारचौघांत बोलून ठेवलेलं असतं.

आणि जिथे पुरतं गणित आहे तिथे दोन्ही शब्द गळून पडतात. पंचांगात ग्रहण ‘दिलेलं’ असतं. ठाण्याचेच पंचांगकर्ते दा. कृ. सोमण पुढच्या वर्षांतली ग्रहणं आणि सणांच्या तारखा सांगतात तेव्हा ‘सोमणांचा अंदाज’ असं कुणी म्हणत नाही. ग्रहण लागतं, संपलं.

हवामानाच्या बातमीत: अंदाज, पूर्वानुमान की इशारा

पूर्वानुमान हा हिंदीच्या सरकारी कारभारातून आलेला पाहुणा. हिंदीत त्याची गरज का पडली ते समजण्यासारखं आहे, आणि त्यासाठी अनुमानाचं मूळ बघायला हवं.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, अनुमान हे एक प्रमाण, ज्ञान मिळवायचं एक साधन. डोंगरावर धूर दिसतोय, तेव्हा तिथे आग आहे, हे शाळेत ऐकलेलं उदाहरण. पण न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात याहून सुंदर जोडी आहे, आणि दोन्ही पावसाची. ढग दाटून आले, तेव्हा पाऊस पडेल: हे पूर्ववत् अनुमान, कारणाकडून कार्याकडे. नदी फुगली, पाण्याला ओढ आली, तेव्हा वर पाऊस पडून गेला: हे शेषवत्, कार्याकडून कारणाकडे. बदलापूरला उल्हास नदीचं पाणी चढलं की लोक म्हणतात घाटात धो धो झालेला दिसतोय, ते शेषवत्. जुलै २०१९ च्या पुरात बदलापूर-वांगणी पट्ट्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा नदीकाठच्या माणसांनी हे अनुमान रेडिओ न लावता केलेलं असणार.

म्हणजे अनुमानाचं तोंड मागेही असू शकतं आणि पुढेही. हिंदीला पुढचंच हवं होतं म्हणून तिने ‘पूर्व’ जोडला. मराठीत ‘हवामान अंदाज’ म्हटल्यावर उद्याचाच, कालचा कोण सांगणार? तेव्हा पूर्वानुमान लिहून काही मिळत नाही. अर्थ तोच राहतो, फक्त वाचणारा दोन अक्षरं जास्त चढतो. माझा कौल अंदाजाला. अनुमान मात्र राखून ठेवावं. पुरावा समोर ठेवून पायरीपायरीने निष्कर्ष काढला असेल तिथे ‘अनुमान’ शोभतं. पोलीस तपास, वैद्यकीय अहवाल, पुरातत्त्व. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ‘आवक वाढली, आता भाव उतरतील’ असं व्यापारी म्हणतो तेही पूर्ववत् अनुमानच आहे, त्याने न्यायसूत्रं वाचलेली नसली तरी.

अंदाज शब्द घेतला म्हणून मजकूर ढिला लिहावा असं नाही. हवामान विभागाची भाषा आकड्यांना बांधलेली आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला तर मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत. बातमीत हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास फिरवले जातात, आणि मग ‘सांगितलं होतं मुसळधार, आमच्या नौपाड्यात थेंब नाही’ अशी बोंब होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच काळात कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही झाला नाही. ‘तुरळक ठिकाणी’ हे दोन शब्द गाळले तर असल्या दिवसाचं वर्णनच करता यायचं नाही.

इशारा हा वेगळ्या घरचा शब्द. मूळ अरबी, अर्थ खूण, बोट दाखवणं. अंदाज काय होईल ते सांगतो, इशारा तुम्ही काय करायचं ते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. सोसायटीच्या नोटिशीला हाच शब्द हवा होता: ‘हवामान विभागाने उद्यासाठी ठाणे जिल्ह्याला लाल इशारा दिला आहे. तळघरातील वाहने आज रात्री दहापूर्वी वर आणावीत.’ भविष्यवाणी नको, पूर्वानुमान नको, ‘तरी सर्वांनी नोंद घ्यावी’ही नको.

नामाइतकंच काम क्रियापदाचं रूप करतं, आणि तिकडे दुर्लक्ष होतं. पाऊस पडेल, पाऊस पडणार, पाऊस पडू शकतो: तिन्ही भविष्यकाळाबद्दल आहेत, वजन निराळं. ‘पडणार’मध्ये ठरलेलं आहे. ‘पडेल’मध्ये भरवसा आहे पण शपथ नाही. हवामान विभाग एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज देतो. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटीमीटर, तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांच्या दरम्यान म्हणजे सर्वसाधारण, आणि सोबत चुकीची मर्यादाही दिलेली असते. त्याचा मथळा होतो ‘यंदा पाऊस धो धो कोसळणार’. अंदाज शब्द आतल्या मजकुरात शाबूत असतो, पण ‘-णार’ने त्याचा जीव आधीच घेतलेला असतो. मथळ्यात जागा कमी असते हे मान्य. ‘कोसळणार’च्या जागी ‘चांगला पाऊस शक्य’ लिहिलं तर अक्षरं फार वाढत नाहीत.

‘वर्तवणं’ या क्रियापदाबद्दल एक वाक्य. वर्तणं म्हणजे घडणं, असणं (वर्तमान त्यातूनच), आणि वर्तवणं हे त्याचं प्रयोजक रूप. ‘अंदाज वर्तवला’ हे आता रुळलेलं आहे, मीही लिहिते, पण ‘दिला’ लिहिलं तर काहीच बिघडत नाही.

बांधायचे शब्द

आडाखे बांधतात, अटकळ बांधतात, कयास बांधतात, ठोकताळेही बांधतात. अंदाजही बांधता येतो. भाकीत मात्र बांधता येत नाही, भविष्य तर नाहीच. बांधणं आलं की समजावं, इथे माणसाने स्वतः हाताने काही जुळवलेलं आहे.

यातला माझा लाडका ठोकताळा. ताळा म्हणजे हिशेबाची पडताळणी. गुणाकार केला की नवाचा ताळा पाहायचे, ताळेबंदातला ताळा तोच. ठोकताळा म्हणजे ठोकळ मानाने घेतलेला ताळा. नेमकं सूत्र नाही, पण अनुभवाने घासून गुळगुळीत झालेला नियम. आपल्या किनाऱ्यावरचा एक नमुना घ्या. भरती केव्हा, हे सांगायला तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, तेव्हा दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. यामागचं कारण असं की चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, आणि त्याच्याबरोबर भरतीही तेवढीच लांबते. ठोकताळा ५० ऐवजी ४५ धरतो, कारण पाऊणकी तोंडी करता येते. रोजची पाच मिनिटं पंधरवड्यात साचून सव्वा तास होतात. पण पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण, म्हणजे दीड तासाची उडी, यात ती साचलेली चूक बरीचशी वसूलही होते. ज्या कुणी हा बसवला त्याला दंडवत. अर्थात हे मुंबईच्या समुद्राचं गणित. ठाण्याच्या खाडीत पाणी आत चढायला आणखी वेळ घेतं, तो चेंदणीच्या कोळ्याला वेगळा धरावा लागतो. उधाण (मोठी भरती) केव्हा नि भांग (लहान भरती) केव्हा, हेही तिथीवरूनच.

बंदराचा भरतीचा तक्ता आणि हा ठोकताळा यात कोणता घ्यावा? होडी काढायची असेल, किंवा साडेचार मीटरच्या वरची भरती आणि लाल इशारा एकाच दिवशी असतील, तर तक्ता. गप्पांत कुणी विचारलं तर ठोकताळा. आणि लिहिताना, तक्त्यातल्या वेळेला ‘ठोकताळा’ म्हणू नये, ठोकताळ्याला ‘गणित’ म्हणू नये.

होरा हा सगळ्यात लांबचा प्रवासी. ग्रीक ‘होरा’, म्हणजे तास. इंग्रजीतला ‘अवर’ आणि ‘होरोस्कोप’ त्याचेच भाऊबंद. ग्रीक ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला. सहाव्या शतकातला वराहमिहिर ‘बृहज्जातका’त सांगतो की काहींच्या मते ‘अहोरात्र’ शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की ‘होरा’ उरतं. चतुर आहे, पण पाहुण्याला घरचा ठरवायची ती खटपट. त्याच वाटेने ‘केंद्र’ही आला, ग्रीक ‘केंत्रॉन’मधून, आणि आज केंद्र सरकारपर्यंत पोचला. होऱ्यांचा ठसा आपल्या वारांवरही आहे. शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने एकेका तासाचा एकेक स्वामी. दिवसाच्या पहिल्या होऱ्याचा जो स्वामी त्याचा तो वार. २४ तास मोजून पंचविसावा बघितला की शनिवारनंतर रविवार का आणि रविवारनंतर सोमवार का, ते बोटांवर कळतं.

आज मात्र ‘माझा होरा असा आहे की...’ म्हणणाऱ्याने पत्रिका उघडलेली नसते. राजकारणाच्या गप्पांत, जाणकार माणसाने अनुभवावर टाकलेला तर्क, असा अर्थ उरलाय. लेखात एखाद्या वेळी खुलतो. नोटिशीत किंवा अहवालात कधीच घेऊ नये.

कयास अरबी, मूळ अर्थ मापणं, तुलना करणं. इस्लामी न्यायशास्त्रात एका प्रकरणावरून दुसऱ्याचा निवाडा करण्याच्या पद्धतीचं हे नाव. मराठीत तो अटकळीच्या शेजारी येऊन बसलाय. दोघांत निवडायचं तर पुरावा थोडा असेल तिथे कयास, अजिबात नसेल तिथे अटकळ. आडाखा त्यांच्यापेक्षा जरा हिशेबी, निवडणुकीचे नि बाजाराचे आडाखे असतात. अटकळींची बातमी होऊ नये, पण होते.

भविष्य, भवितव्य आणि वाट्याला आलेलं

भविष्य, भावी, भवितव्य ही ‘भू’ धातूची लेकरं. भविष्य म्हणजे पुढे होणारं. भवितव्य म्हणजे जे व्हायलाच हवं, जसं करायलाच हवं ते कर्तव्य. व्याकरणाने त्यात अटळपणा घातला होता. वापरात तो बराच निवला आणि ‘पुढे काय होणार’ एवढाच अर्थ राहिला.

यात निवड सोपी आहे, कारण मराठीने भविष्य शब्द जोशीबुवांना देऊन टाकलाय. भविष्य सांगतात, पाहतात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचतात. जोशी हे आडनावच ज्योतिषीवरून. हातात कुडमुडं वाजवत येणारे कुडमुडे जोशी, पहाटे येणारा पिंगळा (त्याचं नाव घुबडाच्या जातीतल्या पक्ष्यावरून) हे सगळे भविष्य सांगणारे. तेव्हा ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याबद्दल लिहिताना ‘फ्लेमिंगोंचं भविष्य’ लिहिलं की कुणीतरी त्यांची पत्रिका मांडून बसल्यासारखं वाटतं. २०२२ मध्ये त्या जागेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला. तरी पुढे काय, याला ‘फ्लेमिंगोंचं भवितव्य’ म्हणावं. काळ म्हणायचा असेल तर ‘भविष्यकाळ’ किंवा साधं ‘पुढे’. ‘भविष्यात’च्या ऐवजी ‘पुढे’ लिहून बघा, दहातल्या आठ वेळा वाक्य सुधारतं.

नशीब, किस्मत आणि भाग्य यांत अर्थाचा फरक शोधायला जाऊ नये. नशीब अरबी, अर्थ वाटा. किस्मत अरबी, अर्थ वाटणी. भाग्य संस्कृत, ‘भाग’ म्हणजे वाटाच. दोन भाषांनी एकच गोष्ट सांगितली: जे ताटात पडलं ते. निवड फक्त सुराची. पोराला लॉटरीत म्हाडाचं घर लागलं तर नशीब, आजीच्या आशीर्वादात भाग्य, किस्मत गाण्यांपुरती.

ज्योतिषातून निघून संसारात स्थिरावलेला शब्द बघायचा तर ‘लग्न’. पूर्व क्षितिजाला टेकलेली रास ते लग्न. तो मुहूर्त धरून होणारा विधी म्हणून विवाहही लग्न. मुहूर्त तर एके काळी सरळ माप होतं, दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं.

शकुन आणि कौल

शकुन म्हणजे संस्कृतात पक्षी. पक्ष्याच्या ओरडण्यावरून, उडण्यावरून पुढचं ओळखायचं, त्यावरून अर्थ पुढे सरकला. शकुंतला ही पक्ष्यांनी सांभाळलेली. लॅटिनमध्येही पक्षी बघण्यावरूनच शुभसूचक शब्द निघाला. आजच्या लेखनात शकुन-अपशकुन फक्त त्याच अर्थाने वापरावेत. ‘शेअर बाजारासाठी शुभशकुन’ असले मथळे जुने झाले.

कौल जास्त जपून वापरायचा शब्द. अरबी मूळ, अर्थ बोल, वचन. शिवकाळात रयतेला अभय देणारा कौलनामा असे. ठाण्यात निम्मं कोकण राहतं, त्यांना गावच्या देवळातला कौल सांगायला नको. पाषाणावर ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे लावायचे, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पाकळी पडली की होकार. इथे माणूस काही सांगत नाही. विचारतो, आणि उत्तर समोरून येतं.

म्हणून ‘एक्झिट पोलचा कौल’ हे मला पटत नाही. कौल देणार मतदार, तोही मतमोजणीला. चाचणी घेणारी संस्था देते तो अंदाज, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६-अ कलमानुसार मतदान पूर्ण संपेपर्यंत तोही छापता येत नाही. मतदानाच्या रात्री ‘मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज’, निकालाच्या दुपारी ‘जनतेचा कौल’. मधल्या दिवसांत आडाखे.

अनुवादकांच्या टेबलावर

इंग्रजी ‘प्रेडिक्शन’ समोर आलं की सवयीने भाकीत लिहिलं जातं. मशीन लर्निंगच्या मजकुरात ते चालत नाही, कारण मॉडेल काही वचन देत नसतं. पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारी यंत्रणा तर पुढचं काही सांगतच नाही, आत्ताचं ओळखते. तिथे ‘निदान’ किंवा ‘ओळख’ लिहावं, आणि टक्केवारी दिली असेल तर ‘शक्यता’. ‘संभाव्यता’ गणिताच्या पुस्तकात ठीक, दहावीच्या मुलांना ओळखीची. ॲपच्या पडद्यावर जड होते. कीबोर्डवर उमटणाऱ्या पुढच्या शब्दांना ‘सुचवलेले शब्द’ पुरे.

सगळ्यात घसरवणारा शब्द ‘अपेक्षित’. इंग्रजी ‘एक्स्पेक्टेड’च्या जागी तो डोळे मिटून बसवतात, पण मराठीत अपेक्षेला इच्छेचा वास आहे. ‘अपेक्षित जीवितहानी’ वाचून अंगावर काटा येतो, कुणाला हवी होती ती? तिथे ‘संभाव्य’. ‘अपेक्षित विलंब १० मिनिटे’ हे रोजच्या प्रवाशाला थट्टा वाटतं. मी लिहिते ‘गाडी अंदाजे १० मिनिटे उशिराने’. पडद्यावर तेवढी जागा नसली तर ‘सु. १० मि. उशीर’.